वळूला केलेला नमस्कार
परवा इथे अमेरिकेत, आमच्या कॅरी गावातल्या गार्डन स्टोअरमध्ये ओल्या भुशाचा वास आला आणि मला कॅन्ससमधला तो वळूंचा लिलाव आठवला. मी तेव्हा पशुप्रजननात पीएचडी करत होते, आणि ज्यांच्या गुरांच्या रँचवर माझा प्रोजेक्ट होता त्या म्हाताऱ्या मालकांना आदल्या दिवशी मीच हिशोब करून दिला होता, की त्यांच्या मनात भरलेल्या वळूसाठी सहा हजार डॉलरच्या वर गेलात तर त्याची वासरं विकून पैसे वसूल होणार नाहीत. रिंगणातल्या ओल्या भुशावर तो काळाभोर वळू फिरत होता, मालकांची बोली बरोबर सहा हजारांवर होती आणि पुढे कोणीच बोलत नव्हतं. तेवढ्यात तो कठड्याशी, अगदी माझ्यासमोर येऊन थांबला, आणि पोळ्याच्या बैलाला नमस्कार करावा तसा माझा मूर्ख हात आपोआप कपाळाला गेला. "साडेसहा!" लिलाववाला माझ्याकडे बोट दाखवून ओरडला. माझ्या खात्यात जेमतेम घरभाड्याचे पैसे होते. नको म्हणायला गेले, तोवर त्याने मोजायला सुरुवातही केली. साडेसहा एक वार, साडेसहा दोन वार... मालकांनी माझ्याकडे न बघता हातातला कॅटलॉग वर केला आणि सात हजारांना वळू त्यांचा झाला. परतताना ट्रकमध्ये मी रडवेली होऊन सगळं सांगितलं, तेव्हा ते एवढंच म्हणाले, "पुढच्या वेळी पाया पडायचं ते घरी आणल्यावर पड." त्यानंतर मी कितीतरी रँचवाल्यांना असले हिशोब करून दिले, पण त्या वळूचे पैसे वसूल झाले का, हे त्या मालकांना विचारायचा धीर मला आजतागायत झालेला नाही.