करवंदपाड्याचा सुटता पूल

लहान्या मामा पाच फूट दहा इंच आहे. नाव बदलून घ्यायचं तर मोखाड्याला कचेरीत जावं लागतं, त्यासाठी ओहोळ ओलांडावा लागतो, म्हणून ते राहून गेलं.

पोशेऱ्याच्या पुढे, दोन ओहोळांच्या बेचक्यात करवंदपाडा आहे. मागे उभा कडा. पावसाळ्यात दोन्ही ओहोळ भरतात आणि पाड्याचा जगाशी संबंध दिसण्यापुरता राहतो. पलीकडचा माणूस दिसतो, हाका मारतो, हात हलवतो, येत मात्र नाही. गेल्या साली राहीला कळा सुरू झाल्या तेव्हा तिला झोळीत घालून काठावर आणलं आणि पाणी उतरायची वाट पाहिली. पाण्याच्या आधी बाळ आलं. दोघी ठीक आहेत. पण त्या दिवसापासून राहीची नणंद प्रगती फारशी हसत नाही.

प्रगती म्हणजे लहान्याची भाची. नाशकात इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. मुंबईच्या एका संस्थेने जाहीर केलं की बेटांवरच्या वस्त्यांसाठी, आपत्तीत टिकतील अशा बांधकामांवर संशोधन करणाऱ्या विद्यार्थ्यांना शिष्यवृत्ती मिळेल. प्रगतीने अर्ज केला : आमचा पाडा जूनपासून दसऱ्यापर्यंत बेट असतो. कॉलेजातले सर म्हणाले, "बेट म्हटलं की समुद्र लागतो. त्यापेक्षा मॉलमधल्या पार्किंगवर प्रोजेक्ट कर." शिष्यवृत्ती मिळाली नाही तर पार्किंग ठरलेलंच होतं. करवंदपाड्यात एकूण एक मोटारसायकल आहे.

संस्थेने कळवलं, श्रावणात दोन परीक्षक प्रत्यक्ष पाहायला येतील. प्रगतीने मामाला फोन केला. "मामा, मोठी माणसं येतायत. नीट बघ."

मामाने नीट बघितलं.

लहान्या दर वर्षी दसऱ्याला ओहोळावर बांबूचा पूल टाकतो आणि मृगाआधी काढून ठेवतो. पाड्याकडचं टोक उंबराला पक्कं बांधलेलं, पलीकडचं सरकगाठीने. काठावरच्या खडकावर काळी खूण आहे. अवेळी पाऊस झाला आणि पाणी खुणेला लागलं, की लहान्या अलीकडून दोरी ओढतो. पलीकडची गाठ सुटते, पूल दारासारखा फिरून आपल्या काठाला येऊन पडतो. ओहोळ निघून जातो, पूल राहतो. त्याच्या बापानेही असंच केलं. श्रावणात मात्र पूल कोणीच टाकत नाही. पण पाहुण्यांचे पाय भिजवायचे?

चार दिवसांची उघडीप मिळाली, तेवढ्यात पूल झाला. दोन्ही बाजूंना धरायला बांबू, टोकाला आंब्याच्या पानांचं तोरण.

पाहुण्यांबरोबर जीपमधून उतरलेली प्रगती तोरण पाहून जागीच थांबली. पाहुणे कोरड्या बुटांनी पार झाल्यावर ती मामाच्या कानाशी लागली.

"मामा, हा काय केलास?"

"पूल."

"अरे, पूल नाय म्हणून तर आलेत ते!"

"मग आधी नाय सांगायचा?"

दोघा परीक्षकांपैकी साहेबांनी वहीत लिहिलं : संपर्क उत्तम. मॅडमनी मामाला विचारलं, "पूल मजबूत आहे का?"

प्रगती मागून मान हलवत होती. पण स्वतःच्या पुलाला कच्चा म्हणणारा माणूस त्या घरात जन्मला नव्हता.

"हत्ती न्या," मामा म्हणाला.

साहेबांनी 'उत्तम'खाली रेघ ओढली. प्रगती ओट्यावर जाऊन बसली.

दुपारी पाहुणे नागलीची भाकर खात असताना डोंगरात पाऊस लागला. मामा उठून ओहोळावर गेला आणि थोड्या वेळाने हात पुसत परत आला.

"पानी खुणेला लागला. पूल सोडला."

खुणेला चार बोटं कमी होती, असं शेजारचा भिका म्हणतो. भिकाची बोटं बारीक आहेत.

"पुन्हा जोडा," साहेब म्हणाले.

"उतरला का जोडतो."

"कधी उतरेल?"

मामाने आभाळाकडे पाहिलं. "परवा. नायतर त्याच्या नंतर."

साहेबांच्या रक्तदाबाच्या गोळ्या जीपमध्ये होत्या, आणि जीप पलीकडे. ड्रायव्हर तुळशीदास काठावर उभा राहून डबी हलवून दाखवत होता. दिसण्यापुरता संबंध म्हणजे काय, हे साहेबांना आता कळलं. त्यांनी चष्मा काढून पुन्हा घातला.

"माझा घाईचा पूल म्हणून तुमची पंचाईत," मामाने पहिल्यांदाच स्वतःच्या पुलाला नाव ठेवलं. त्याने दोरीला दगड बांधून पलीकडे भिरकावला. तिसऱ्या खेपेला तुळशीदासने तो धरला. गोळ्या तंबाखूच्या बटव्यात बसून दोरीवरून आल्या. मॅडम पावसात उभ्या राहून प्रगतीला विचारत होत्या, "ही गाठ कशी सुटते? लिहिलंयस कुठे?"

"नाय लिहिलं. मला वाटलं, हे सगळ्यांना येतं."

तीन दिवस पाहुणे राहिले. साहेबांनी 'उत्तम' खोडून काय लिहिलं, ते कोणी पाहिलं नाही.

भाद्रपदात, प्रगती सुट्टीत पाड्यावर असताना, पोस्टमन पलीकडच्या काठाला आला आणि त्याने हाक मारली. ओहोळ भरलेला होता. पत्र बटव्यातून आलं, थोडी तंबाखू लागून. प्रगतीला शिष्यवृत्ती मंजूर झाली होती. खाली एक अट होती, ती तिने मामाला मोठ्याने वाचून दाखवली : अभ्यास पूर्ण होईपर्यंत पूल लेखी पूर्वपरवानगीशिवाय सोडू नये.

मामाने बटवा झटकला.

"ओहोळाचीबी सही घ्या म्हणावं," तो म्हणाला, आणि ती हसली.