कमेंट्स झाडणारी

गटात तिला सगळे केरसुणी म्हणत. हे नाव तिनंच गमतीत स्वतःला दिलं होतं, ते चिकटलं ते चिकटलंच.

कॉलेजच्या दुसऱ्या वर्षातल्या काही पोरांनी हवामानासाठी आवाज उठवायचा ठरवला, तेव्हा कामं आपोआप वाटली गेली. एकीला धडाधड बोलता यायचं. ती कॅमेऱ्यासमोर उभी राहिली आणि तिला माइक म्हणू लागले. एक चष्मेवाला पोरगा व्हिडिओ कापायचा, त्याला संगीत लावायचा. हिला यातलं काहीच जमेना. ती म्हणाली, "मी खालच्या कमेंट्स बघते. कचरा झाडून काढते." काम किरकोळ वाटलं. तिलासुद्धा.

शहराच्या कडेला कोळशावर चालणारं जुनं वीजकेंद्र होतं. त्याची मुदत संपत आली होती आणि नगरपालिका ती वाढवून द्यायच्या बेतात होती. ज्या दिवशी निर्णयाची बैठक, त्या दिवशी नगरपालिकेच्या दारात जमायचं, असं गटानं ठरवलं. माइकनं वर्गाच्या खिडकीत थर्मामीटर ठेवून एक छोटासा व्हिडिओ केला. पारा चढत होता आणि ती शांतपणे सांगत होती, "याच खोलीत आमची परीक्षा आहे."

व्हिडिओ बघता बघता सगळीकडे पोचला. त्याच्यामागोमाग कमेंट्सचा लोंढा आला. कौतुक होतं, पण शिव्याच जास्त. माइकच्या दिसण्यावर, कपड्यांवर, आईबापांवर. काही तर वाचवत नव्हत्या. केरसुणी बसमध्ये उभ्या उभ्या, प्रयोगशाळेच्या दाराशी, जेवताना डाव्या हातानं त्या पुसत राही. माइकच्या नजरेला पडायच्या आत, एवढीच तिची धडपड.

त्या गदारोळात अधूनमधून साधे प्रश्नही यायचे. मांजराचा फोटो लावलेल्या कुणीतरी विचारलं होतं, "तिथे बसायला काही आहे का? माझे गुडघे दुखतात." केरसुणी कॉलेज सुटल्यावर वाट वाकडी करून नगरपालिकेसमोर गेली, पाहून आली आणि लिहिलं, "डाव्या हाताला दगडी कट्टा आहे. दुपारनंतर सावली असते. मी तुमच्यासाठी जागा धरते."

चष्मेवाला वैतागला. "अगं, एवढं जग बघतंय आणि तू गुडघ्यांना उत्तरं देत बसलीस?"

"बघणारे बघू देत," ती म्हणाली. "त्यांना यायचंय."

तिची आई इस्पितळाच्या धुलाईघरात कामाला होती. पोरगी ताटातलं चिवडत बसते, हाक मारली तर दचकते, हे तिच्या लक्षात आलं होतं. एका संध्याकाळी तिनं सरळ फोन उचलला आणि वाचू लागली. दोन-चार ओळींतच तिनं तो उपडा ठेवला.

"रोज हेच?"

"हो."

"मीपण दिवसभर लोकांची घाणच धुते गं," आई म्हणाली. "पण मला हातमोजे देतात. आणि पाळी संपली की घरी येते."

केरसुणीनं समोरचा घास तेवढा संपवला आणि ताट उचललं.

बैठकीच्या दिवशी 'येणार' म्हणून बटण दाबलेल्यांपैकी फारच थोडे आले. चष्मेवाला कॅमेरा खाली धरून माणसं जास्त कशी दिसतील ते बघत होता. कट्ट्यावर काठी टेकत एक बाई येऊन बसल्या. "मी मांजरवाली," त्या म्हणाल्या. "जागा धरलीस म्हणून आले. नाहीतर घरूनच बघितलं असतं." बेकरीतला एक कामगार तसाच पिठाच्या हातांनी आला होता. त्यानं कमेंटमध्ये फलक कुठे ठेवायचे ते विचारलं होतं. माइक बोलली, घसा बसेपर्यंत बोलली. शेवटी एक कारकून बाहेर आला आणि म्हणाला की मुदत वाढवली, पण केंद्रानं मागितली होती तेवढी नाही.

घोषणा थांबल्या. आनंद करावा की रडावं ते कुणालाच कळेना. चष्मेवाला पुढच्या व्हिडिओचं बोलू लागला, तेव्हा केरसुणीनं माइकच्या फोनवर अकाउंट उघडून तो तिच्या हातात दिला. "आता तू बघ. माझ्यानं होत नाही."

दुसऱ्या दिवशी दुपारी माइक केरसुणीच्या घरी आली. डोळे सुजलेले. दारातच म्हणाली, "हे सगळं तू वाचायचीस?"

"सगळं नाही. काहींचा पहिला शब्दच पुरायचा."

"मला सांगायचं तरी!"

"सांगितलं असतं तर पुसून काय उपयोग होता?"

माइक भिंतीला टेकून खाली बसली. आईनं दोघींपुढे चहाचे कप ठेवले आणि काही न विचारता आत गेली. मग माइक म्हणाली, "यापुढे पाळ्या लावू. मीही वाचीन."

पाळ्या लागल्या. चष्मेवाल्यानं पहिल्याच आठवड्यात हात टेकले. मग कॉलेजातली आणखी दोघं-तिघं मदतीला आली आणि गाडी रखडत का होईना चालू लागली. केरसुणीचा एक विषय त्या धावपळीत राहिला होता. तिनं पुन्हा परीक्षा दिली, पास झाली. काही महिने ती अकाउंटकडे फिरकलीच नाही. पुढे परत आली ती एका अटीवर: शिव्यांचं बाकीच्यांनी बघावं, ती फक्त येणाऱ्यांना वाट सांगेल.

वीजकेंद्राचं धुराडं अजून चालू आहे. एकदा रात्री मुक्कामाला आलेल्या मावशीनं तिला विचारलं, "एवढं करून मिळालं काय गं तुम्हाला?"

"मागितली त्याहून मुदत थोडी कमी मिळाली," ती म्हणाली आणि जांभई देत कूस बदलून झोपली.