सोबतीची अट

वाशीमच्या मिशन हायस्कुलात मुलींना बीजगणित शिकवायचे नाही असा नियम कुठे लिहिलेला नव्हता. पण मुलींच्या वेळापत्रकात बीजगणिताच्या तासाला शिवण होते, भूमितीच्या तासाला बालसंगोपन आणि शास्त्राच्या तासाला स्वयंपाक. आठवीपर्यंत मीही काजं केली. माझी काजं उंदराने कुरतडल्यासारखी दिसत. मडमबाई ती उलटीसुलटी करून पाहायच्या, इंग्रजीत काहीतरी पुटपुटायच्या आणि पुढच्या मुलीकडे वळायच्या.

मला डॉक्टरीण व्हायचे होते. माझी आई धाकट्या भावाच्या बाळंतपणात गेली. आमच्या वऱ्हाडातल्या मालेगावात तेव्हा बाई डॉक्टर नव्हती आणि पुरुषाला दाखवायची आमच्या घरात रीत नव्हती. त्या रीतीचा राग मला अजून आहे. डॉक्टरकीला मॅट्रिक हवे, त्यात गणित आणि शास्त्र हवे, आणि ते विषय मुलांच्या वर्गात. त्या वर्गात तोवर एकही मुलगी बसली नव्हती.

बाबा गाडी जुंपून वाशीमला हेडमास्तरांकडे गेले. मीही बरोबर होते. हेडमास्तर विलायती साहेब होते, मराठी भाषा पुस्तकातून शिकलेले. ते म्हणाले, "आमची हरकत नाही. परंतु मुलांच्या वर्गात एकटी मुलगी बसविणे आम्हांस प्रशस्त वाटत नाही."

"मले बी नाही वाटत," बाबा म्हणाले. "म्हनून तिच्यासंगं माही बहीन बसन."

साहेबांना वाटले, बहीणही शिकणार. त्यांनी आनंदाने तिचे वय विचारले. बाबांनी त्यांना समजावले की ती शिकणार नाही, नुसती बसणार. साहेबांनी चष्मा काढून पुसला, परत घातला आणि हो म्हणाले.

ही बहीण म्हणजे माझी आत्या. लहानपणीच विधवा होऊन माहेरी परत आलेली. आमच्या देशमुखी घरात पाट लावून विधवेचे दुसरे लग्न करत नसत, त्यामुळे ती आली ती चुलीपाशीच राहिली. घरची माणसे, शेतावरचे गडी, आला-गेला, सगळ्यांच्या भाकरी तिच्या अंगावर. वाशीमला जायचे हे तिला कोणी विचारले नाही, सांगितले. ती "बरं" म्हणाली आणि परातीतले पीठ मळत राहिली.

तोवर मी वाशीमला ओळखीच्यांकडे राहून शिकत होते; आता शाळेमागच्या आळीत आम्ही दोघींनी एक खोली घेतली. मिशनचे पाणीसुद्धा प्यायचे नाही, अशी बाबांची ताकीद होती, म्हणून चूल आणि घागर आमची आम्ही. तरी मालेगावात बोलणाऱ्यांची तोंडे कोण धरणार? "पोरगी तं बाटलीच, आता बहीन बी बाटवाले पाठवली," असे लोक म्हणत. बाबांनी ते या कानाने ऐकले आणि त्या कानाने सोडून दिले.

पहिल्या दिवशी आत्या वर्गात भिंतीकडे तोंड करून बसली. पदर नाकापर्यंत, हात मांडीवर. गणिताचे मास्तर नगरकडचे ख्रिस्ती होते, फार सभ्य. फळ्यावर लिहिताना तेच इतके अवघडले की चार ओळींचे उदाहरण दोनदा चुकले. आठवडाभराने आत्या थोडी वळली. महिन्याभरात तिचे तोंड फळ्याकडे झाले.

तिला गणितातले ओ की ठो कळले नाही, आणि कळून घ्यायची तिने कधी खटपटही केली नाही. पण मुलांवर तिची नजर होती. एकाने माझ्या बाकावर खाजकुयरी टाकली, तेव्हा ती तिथूनच म्हणाली, "काहून रे, तुह्या मायले हे सांगू का?" तो पोरगा कामरगावचा होता, त्याची आई आत्याला कुठून माहीत असणार? तरी तो मुकाट्याने उठला आणि आपल्या धोतराच्या सोग्याने बाक पुसू लागला. दिवसभर खाजवत तोच बसला. मुले तिला इन्स्पेक्टर म्हणू लागली. तिला ते कळले होते आणि आवडलेही होते.

दिवसाची सुरुवात प्रार्थनेने व्हायची. मी भीतीने डोळे उघडे ठेवायची, न जाणो बाटले तर! आत्या मात्र सगळ्यांबरोबर डोळे मिटायची आणि पदराखाली आपली तुळशीची माळ ओढायची. मी विचारले तर म्हणाली, "देव कोनचाही असो वं, डोये मिटाले काय लागते?" इतके सोपे उत्तर मला धर्माच्या तासाला कधी मिळाले नाही.

तिचा आवडता विषय भूगोल. तो शिकवणारे मास्तर हातवारे करून बोलत. एकदा ते सांगत होते की पृथ्वीच्या टोकाला सहा महिने सूर्य मावळतच नाही. मागून आवाज आला, "मंग तथी बायका सयपाक कवा आटपत असतीन?" वर्ग खो-खो हसला. मास्तरही हसले, पण मग थांबून म्हणाले, "बाई, हे मलाही ठाऊक नाही." आत्या संध्याकाळपर्यंत तेच घोळवत होती. चुलीपुढे बसून मला म्हणाली, "सहा महिने उजेड, म्हंजे काम बी सहा महिने. नोको बाई तसला मुलूख."

अशी दोन वर्षे गेली. तिसरे मॅट्रिकचे. दिवाळीला आम्ही मालेगावला आलो, तर घरात वेगळीच हवा. कापूस फुटला होता, वेचायला बायका लागल्या होत्या आणि काकूचे दिवस भरत आले होते. जेवणे झाल्यावर काका बाबांना म्हणाले, "आता बहिनीले इथंच राहू द्या. घरात करनारं कोनी नाही. पोरगी घरीच वाचन."

घरी वाचून शास्त्राचे प्रयोग कसे करणार? शिवाय हजेरी भरली नाही तर परीक्षेला बसूच देणार नव्हते. मी बाबांकडे पाहिले. ते सुपारी कातरत होते आणि वर पाहत नव्हते. मला कळून चुकले की ते हो म्हणणार. आईचे तोंड आठवले, आणि वाटले, झाले, मीही आता कुणाच्या तरी घरी बाळंतपणात मरणार.

तेवढ्यात दाराआडून आत्या बोलली. थोरल्या भावासमोर ती कधी बोलत नसे.

"दादा, मी जातो पोरीसंगं. तिचं साल बुडवू नोका."

"अन घरचं कोन करन?" काका गरजले.

"इतकी सालं मीच केलं. आता चार महिने दुसऱ्यानं करा."

बाबांनी सुपारी तोंडात टाकली आणि म्हणाले, "जाऊ द्या तिले." काकूच्या मदतीला तिच्या माहेरची बहीण बोलावली आणि आम्ही वाशीमची गाडी धरली. वाटेत मी आत्याच्या पाया पडले. माझ्यासाठी एवढे भांडणारे जगात दुसरे कोणी नाही, असे मला वाटले आणि मी ते तिला बोलूनही दाखवले. ती म्हणाली, "गप बस, गाडीचे हिसके बसून राह्यले."

परीक्षा अकोल्याला झाली. मी आत पेपर लिहायची आणि आत्या बाहेर चिंचेखाली बसायची. उन्हाळ्यात निकाल आला. मी पास झाले, गणितात तर चांगल्या गुणांनी. बाबांनी गावभर साखर वाटली. ज्यांनी मला बाटवून टाकले होते, त्यांनीही दोन-दोन मुठी नेल्या.

डॉक्टरकी शिकायला नागपूरला जायचे ठरले. ट्रंकेत कपडे भरत होते, तेव्हा आत्या शेजारी येऊन बसली. लुगड्यांच्या घड्या घालून देऊ लागली.

"तथी बी पोरंच असतीन ना वर्गात?"

"असतील की."

"मंग सोबत लागन."

"नाही लागत वं आत्या," मी हसून म्हणाले. "तिथे मुलींचे वसतिगृह आहे. सगळ्या मिळून जातात. सुटलीस तू! तीन वर्षं माझ्यापायी किती त्रास काढला."

तिने घडी घातलेले लुगडे परत मोडले आणि परत घातले. डोळ्यांत पाणी आले होते, ते तिने पुसले नाही.

"त्रास कायचा वं? सकायी उठलं का मले कुठीतरी जानं राहे. आता मी कुठी जाऊ?"

तेवढ्यात ओसरीवरून काकांनी आत्याला चहा टाकायला हाक मारली. आत्याने लुगडे माझ्या ट्रंकेत ठेवले आणि उठली.