पगारे मॅडमची टेबलं

हस्तलिखित हातात पडलं, की पगारे मॅडम आधी त्यातली टेबलं शोधायच्या. एकेका रकान्याला पट्टी लावायच्या आणि चक्क त्याची चौकशी करायच्या, "काय रे बाबा, तू शब्द का गणित?" पहिल्या दिवशी हा प्रकार बघून मी मनात म्हटलं, झालं, चांगल्या ठिकाणी नोकरी लागली!

नाशिक रोडला एका कॉलनीत, तळमजल्यावरच्या दोन खोल्यांत त्यांचं काम चालायचं. गणिताची पुस्तकं आणि प्रबंध कॉम्प्युटरवर छपाईसाठी तयार करून द्यायचं काम. त्याआधी वीस वर्षं त्यांनी कॉलेजांत तासिका तत्त्वावर गणित शिकवलं. कायम कुणी केलं नाही. "मुलाखतीला दर वर्षी तीच साडी नेसून जायचे. साडी विटली, तेव्हा मीच थांबले," असं हसत सांगायच्या. मला कधी हसू यायचं नाही. त्या जाऊन दीड वर्ष झालं, पण त्यांचा विषय निघाला की मी अजून उठून आत जाते. त्याला कारणही मीच आहे.

आमचं काम लेटेक नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये. त्यात टेबल माउसने आखत नाहीत, आज्ञा लिहून मागवतात. शब्दांच्या टेबलाची आज्ञा टॅब्युलर, गणिताच्या टेबलाची अ‍ॅरे. टॅब्युलरमध्ये प्रत्येक सूत्राच्या दोन्ही बाजूंना डॉलरची खूण टाकावी लागते, म्हणून आळशी माणूस सगळंच अ‍ॅरेत कोंबतो. आळशी माणूस म्हणजे मी. मॅडम बजावायच्या, "अगं, अ‍ॅरेत मराठी शब्द नुसता टाकलास ना, तर तो छापलाच जात नाही. मशीन ओरडत नाही, थांबत नाही. पान छान येतं आणि शब्द नसतो. म्हणून आधी वाच, मग ठरव. एवढीच घाई असेल तर घरी जाऊन भाजी निवड."

नांदगावचे एक निवृत्त गुरुजी मराठी माध्यमाच्या मुलांसाठी बीजगणिताचं पुस्तक करत होते. शेवटी एक मोठं टेबल होतं; डावीकडे सूत्र, उजवीकडे त्याचं नाव. गुरुजी दुपारच्या गाडीने येणार होते. मी दोन्ही रकाने अ‍ॅरेत ढकलले, प्रिंट काढली आणि न बघताच मॅडमपुढे ठेवली. त्या तपासणारच होत्या, मग मी कशाला बघू? त्यांनी नेहमीसारखी पट्टी ओळीओळीने खाली सरकवली आणि हिरव्या पेनने सही ठोकली.

"झकास! नावं कशी एका रेषेत आलीत बघ."

मी बघितलं. उजवा रकाना पांढराफटक होता. एकही नाव नव्हतं.

आधी वाटलं, चेष्टा करतायत, आता बोलणी बसणार. मी वाट बघत उभी राहिले. त्यांनी डबा उघडला आणि म्हणाल्या, "मेथी आणलीय, घे." मग एकेक आठवायला लागलं. मोबाइलवरचे मेसेज त्या माझ्याकडून वाचून घ्यायच्या, "चष्मा घरी राहिला" म्हणायच्या आणि चष्मा नाकावर असायचा.

तेव्हाच बोलायला हवं होतं. नाही बोलले. गुपचूप टेबल दुरुस्त केलं, नवी प्रिंट काढली आणि "पहिलीवर चहा सांडला" म्हणून परत सही घेतली. गुरुजी खूश होऊन गेले. मला वाटलं, मी बाईंची लाज राखली. या कामावर त्यांचा जीव होता. तेही गेलं तर त्या करणार काय? मग ते रोजचंच झालं. त्या तपासायच्या आणि मागून मी तपासायचे. कधीकधी सही झाली तरी कागद हातातच धरून विचारायच्या, "ठीक आहे ना गं?" मी म्हणायचे, "एकदम ठीक."

आठ महिन्यांनी त्या दारातल्या पायरीवरून पडल्या. हाताला प्लास्टर घातलं आणि तिथून डोळ्यांच्या डॉक्टरांकडे पाठवलं. काचबिंदू निघाला. डॉक्टर म्हणाल्या, "गेलेली नजर परत येत नाही, आजी. थोडं आधी आला असतात, तर बरीच वाचवता आली असती."

बाहेर बाकावर बसून मी रडत रडत सगळं ओकून टाकलं. कोरा रकाना, न सांडलेला चहा, मागून केलेली तपासणी, सगळं. त्या चिडल्या असत्या, दोन थोबाडीत दिल्या असत्या, तर बरं झालं असतं. त्यांनी प्लास्टरवरून हात फिरवला.

"मला धूसर दिसत होतं गं," त्या म्हणाल्या. "डॉक्टरकडे जायची भीती वाटायची. म्हणून तुलाच विचारायचे. तू ठीक म्हणालीस, की निवांत झोपायचे. म्हटलं, पोरगी तोंडाची फटकळ आहे, माझं काही चुकलं असतं तर हिने मला सोडलं नसतं."