शेळीचं पुढं काय झालं

बायको गेली तेव्हापासून घरातले म्हणतात, तिच्या चांगल्या आठवणी काढा, बरं वाटेल. मला चांगल्या आठवणी येत नाहीत. मला कोपरगावचा तंबू आठवतो. मी चार इयत्ता शिकलेला माणूस, येईल तसं लिहितो.

दुसऱ्या मोठ्या लढाईचा काळ होता. आमचा पहिला मुलगा तापानं गेला. अजून उभासुद्धा राहत नव्हता. त्याला पुरून आलो त्या दिवसापासून बायको रडली नाही की बोलली नाही. जेवायला बसवली की घास तोंडात धरून बसायची, गिळायची नाही. बांगड्या मनगटावरून वर कोपरापर्यंत सरकायला लागल्या. वैद्य झाला, अंगारा झाला. शेजारची म्हातारी माझ्या तोंडावर म्हणाली, "ही काय आखाड बघत न्हाई." मला तिचा राग आला नाही. मलाही तेच दिसत होतं.

त्यात गोदावरीच्या वाळूत तंबूतला सिनेमा आला. देवाचा पिच्चर. आई म्हणाली, "घिऊन चल तिला. दर्शन तर हुईल." मी गाडी जुंपली. आईनं तिला धरून गाडीत बसवली आणि स्वतःही चढली.

देवाच्या पिच्चरला लोक वहाणा बाहेर काढूनच आत शिरायचे. पडद्यावर देव आला की नारळ फोडायचा, कापूर लावायचा. तंबूच्या मधोमध कनात, इकडं गडी, तिकडं बाया. म्हणजे आत गेल्यावर बायको मला दिसत नव्हती.

दिवे गेले, पडदा उजळला. पुढच्या माणसानं लगेच नारळ फोडला. कापूर पेटला. सगळा तंबू हात जोडून उभा राहिला आणि पडद्यावर आली शेळी.

चितारलेली शेळी. पुढं येणाऱ्या पिच्चरचा तुकडा आधी दाखवतात हे आम्हा कुणाला माहीत नव्हतं. आता नातवंडं त्याला ट्रेलर म्हणतात. शेळी दोरीवरचं वाळत घातलेलं धुणं खात होती. सदरा खाल्ला, धोतर खाल्लं, मग उचकी लागली आणि तोंडातून सदऱ्याची बाही बाहेर येऊन हात हलवायला लागली. जोडलेले हात कुणी खाली घेईना. खरं जनावर नाही, चितारलेलं आहे, हे कळायलाच वेळ लागला.

"चितारल्यालं हालतंय कसं?"

"मागनं दोऱ्या वढत्यात. भावल्यांचा खेळ असतो तसं."

"गप. रंग बघ कसला दिलाय."

ती शेळी कपडे खाऊन फुगली, फुगून वर गेली आणि विहिरीवर लोंबकळत राहिली. तिथंच तुकडा संपला. तंबूवाला तोंडाला भोंगा लावून ओरडला, "लवकरच येत आहे." मग देवाचा पिच्चर लागला, तो काळापांढरा. माझ्याजवळचा म्हातारा पुटपुटला, "शेळीला रंग आन देवाला न्हाई. कलियुग म्हंत्यात ते हेच."

पण त्याच्या आधी, बाही हलली तेव्हा, कनातीपलीकडून एक बाई हसली होती. सगळे हात जोडून गप उभे आणि ती एकटी हसली. मी ते हसणं ओळखलं.

परतताना दोन-तीन बाया आईला ऐकू जाईल अशा बोलल्या, "पोरगं मातीत घातलं आन देवाच्या दारात दात काढती." आई खाली मान घालून गाडीत बसली. अर्ध्या वाटेत बायको बोलली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा.

"अवो, शेळीचं पुढं काय झालं?"

मी म्हणालो, "पिच्चर आला की कळंल." घरी तिनं अर्धी भाकरी खाल्ली. नीट चावून, गिळून.

मग मी रोज सायकल काढून तंबूकडं जायला लागलो. कधी येतोय पिच्चर? सिनेमाचं मशीन चालवणारा म्हणायचा, "येतोय की पावनं. तुमालाच लई घाई." घरी मी तेच सांगायचो आणि ती दोन घास जास्त खायची. पण दिवस गेले तशी ती विचारायची कमी झाली आणि भाकरीही कमी झाली. मी घाबरलो. तो तुकडा तरी परत दाखवू म्हणून पुन्हा गाडी जुंपली. आई येणार नाही म्हणाली. आम्ही दोघंच गेलो.

दिवे गेले, पडदा उजळला, आणि एकदम देवच आला. नारळ फुटले. मी वाट बघत राहिलो. तेवढ्यात कनातीपलीकडून तिचा आवाज आला, चांगला मोठा.

"अवो, शेळी कुठंय?"

तंबू खदखदा हसला. कुणी म्हणालं, "कुनाची सुटली रं शेळी?" मग बाया ओरडायला लागल्या, बाहेर काढा हिला. मी कनात वर करून बायकांच्या बाजूला शिरलो. गडीमाणसानं तिकडं जायचं नसतं. तिचा हात धरला आणि बाहेर आणली.

मशीन तंबूच्या मागच्या तोंडाशी होतं. मी त्या मशीनवाल्याचे पाय धरले. खोटं कशाला लिहू, धरलेच.

"येकडाव दाव. हिच्यापुरती दाव."

"न्हाई ओ. देवाचा नारळ शेळीला फोडला म्हनून गावची मानसं भांडाया आली. तुकडा परत धाडला."

"मग पुढं काय झालं तेवढं तरी सांग."

"मला काय ठाव? आमच्याकडं तेवढाच आलता. आख्खा पिच्चर कसला येतोय हितं."

ती शेजारीच उभी होती, तिनं सगळं ऐकलं. वाळूत खाली बसली आणि रडायला लागली. पोराचं नाव घेऊन, मोठ्यानं, छाती बडवून. आत लोक देवाची आरती म्हणत होते. मला वाटलं, झालं, आता ही हातातून गेली. मी तिचं तोंड दाबायला बघत होतो. गप बस, गप बस, एवढंच मला येत होतं. ती माझा हात झटकायची आणि पुन्हा रडायची.

रडणारं माणूस जगतं हे मला तेव्हा माहीत नव्हतं. ती जगली. पुढं तीन पोरं झाली, सुना आल्या. माझ्याशी भांडली, संसार केला, आणि यंदा गेली.

मला रडू येत नाही. सरणाजवळ नाही आलं, दहाव्याला नाही. लोक म्हणतात म्हातारा घट्ट आहे. घट्ट कसला. घास तोंडात फिरत राहतो आणि आत जात नाही, आणि गाडी जुंपून मला बाहेर घेऊन जाणारं आता कुणी राहिलेलं नाही.