मोकळा आठवडा

फुटबॉल लीगच्या कचेरीत त्यांना सगळे तारीखमास्तर म्हणत, आणि मास्तर त्यावर मनातून खूश असत. अठरा क्लब, तीनशे सहा सामने, आणि कुठला कधी हे ठरवणारा माणूस एकच. डोंगराकडची मैदानं जानेवारीत गोठतात, म्हणून तिथले सामने आधी उरकायचे. नदीकाठच्या मैदानात पाणी साचतं, तिथे पावसाचे आठवडे टाळायचे. शिवाय वर्षातून चार-पाचदा खेळाडू आपापल्या देशांच्या संघांकडे जातात, तेव्हा लीगच बंद. त्याला मास्तर मोकळा आठवडा म्हणत. पण त्यातही ते घरात येरझारा घालत हवामानाचा अंदाज बघत राहायचे, तेव्हा बायको विचारायची, "मोकळा म्हणजे नेमका कोण?"

तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरवायची वेळ आली. डॉक्टरांनी दोन तारखा पुढे केल्या. मास्तरांनी फारसा विचार न करता मोकळ्या आठवड्यातला मंगळवार उचलला आणि मोठं काम केल्याच्या थाटात लेकीला फोन लावला. लेक राष्ट्रीय संघाची फिजिओथेरपिस्ट. आईजवळ तीच थांबणार, हे घरात गृहीतच होतं.

तिने तारीख पुन्हा विचारून घेतली. मग म्हणाली, "बाबा, तुमची लीग बंद असते ती कशामुळे?"

मास्तरांची कानशिलं तापली. कुठल्या क्लबचे किती खेळाडू त्या आठवड्यात जातात ते त्यांना तोंडपाठ. त्याच खेळाडूंच्या मागोमाग आपली पोरही बॅग भरते, एवढंच डोक्यातून निसटलं होतं. डॉक्टरांकडची दुसरी तारीख तोवर दुसऱ्या पेशंटला गेली होती. पुढची तीन महिन्यांनी, आणि बायको आत्ताच जिना दोन्ही हातांनी कठडा धरून चढत होती.

"असू दे," बायको म्हणाली. "तुम्ही असाल ना?"

"म्हणजे काय! मी असणारच."

"बरं," ती म्हणाली आणि आत गेली.

ऑपरेशनच्या आदल्या शनिवारी आभाळ फाटलं. नदीकाठच्या मैदानाचं तळं झालं, खालच्या गावातलंही गेलं. दोन सामने रद्द. मोकळ्या आठवड्यात ते खेळवता येईनात, कारण खेळायला माणसंच नव्हती. पुढे तर महिनाभर बोट ठेवायला जागा नव्हती. मास्तरांचं जेवणात लक्ष लागेना. एक सामना सरकवावा तर तीन हलत, आणि हललेल्या प्रत्येकाचा मॅनेजर फोनवर हजर. सोमवारी दिवसभर फोनचा भडिमार होता. सहाय्यक म्हणाला, "साहेब, उद्या मी बघतो की." मास्तरांना ते पटलं, पण फोन काही त्यांनी त्याच्याकडे वळवला नाही.

मंगळवारी सकाळी ते बायकोच्या पलंगाशी होते. खरंच होते. अर्ध्या तासात चारदा बाहेर जाऊन आले, तेवढंच. पाचव्या वेळी फोनवर नदीकाठचा मॅनेजर होता.

"साहेब, पुढच्या आठवड्यातला बुधवार दिलात तर आमच्या पोरांना पाच दिवसांत तीन सामने पडतात."

"मग गुरुवार घ्या. पण गुरुवारी तुमचं मैदान सुकेल का, ते आधी विचारा."

हे मिटवून ते खोलीत आले, तर पलंग जागेवर नव्हता.

"आत्ताच नेलं त्यांना," नर्स म्हणाली. "तुम्ही कोण?"

"मी तिचा नवरा."

नर्सने कागद उलटून पाहिला. "सोबत थांबणाऱ्यांमध्ये तुमचं नाव नाहीये."

मास्तरांनी कागद हातात घेतला. अक्षर बायकोचंच. नाव तिच्या धाकट्या बहिणीचं, आणि खाली तारीख तीन आठवड्यांपूर्वीची. पाऊस अजून कुठे नव्हता तेव्हाची.

एवढ्यात मेहुणी आलीच. हातात रात्रीच्या मुक्कामाची पिशवी, बसला उशीर झाला म्हणून धापा टाकत. मास्तरांना पाहून ती जरा ओशाळली.

"ताईने तेव्हाच सांगून ठेवलं होतं," ती म्हणाली. "म्हणाली, ते येतील, पण तू ये."

खोलीत खुर्ची एकच होती. ती मास्तरांनी मेहुणीला दिली.