कराचीहून मुरूडला, विमानाने आणि मचव्याने

तार दुपारी आली. कुसुमची प्रकृती बिघडली आहे, महिनाभर आधीच बाळंत होईल, निघून या. पहिले बाळंतपण माहेरी, म्हणून लेकीला कराचीला आणण्याची आमची तयारी चालली होती. आता मलाच तिचे सासर, मुरूड, गाठायचे होते. मुंबईपर्यंत आगबोटीला दोन दिवस लागतात. हे म्हणाले, "टपालाच्या विमानात जागा मिळते का, बघतो."

जाणाऱ्यांनी एक ध्यानात ठेवावे, तिथे सामानाबरोबर माणसाचेही वजन करतात. माझे बोचके पाहून वैमानिक हसला. "बाई, एवढं न्यायचं तर टपाल उतरवावं लागेल." मी दोन लुगडी ह्यांच्याकडे परत दिली, डिंकाचे लाडू ठेवले.

शाळेत आमच्या सिस्टर नकाशावर पट्टी ठेवून कराची-मुंबई मोजायला लावत. साडेपाचशे मैलांच्या आसपास उत्तर येई. ते अंतर आम्ही उजाडता निघून, अहमदाबादला पेट्रोल भरून, दुपारच्या जेवणाच्या वेळेला संपवले. कानांत दडे बसले होते, पण जुहूच्या मैदानावर पाय टेकले तेव्हा वाटले, पोचलेच.

कसली पोचते! रात्र गिरगावात बहिणीकडे काढून दुसऱ्या दिवशी मुरूडची आगबोट धरली. ती किनाऱ्यापासून लांब थांबते, पुढे मचवा, म्हणजे शिडाची लहान होडी. ओहोटी लागलेली. माडांमधली घरे दिसू लागली आणि मचवा वाळूवर टेकला.

"आता पानी भरल्याबिगर हलायचा न्हाय," मचवा हाकणारा तांडेल म्हणाला आणि त्याने विडी पेटवली.

मला रडू आले. शेजारी मुंबईत सुकी मासळी विकून परतणारी पार्वती कोळीण होती. तिला सगळे सांगितले.

"इमानातून आलीस? मंग उड की हितून!" ती म्हणाली. मग माझा चेहरा पाहून तिचा आवाज उतरला. "तुजी लेक कुनाची सून गं, बाय?"

"शाळेतल्या मास्तरांची."

पार्वती उठली. होड्या टेकण्याआधीच हे कोळी लोक काय मासळी आली ते किनाऱ्याला ओरडून कळवतात. त्याच गळ्याने तिने हाक घातली. मधल्या होडीतल्याने ती पुढे फेकली, किनाऱ्यावरच्या बायकांनी झेलली. एक मुलगी मास्तरांच्या घराकडे पळाली.

उत्तर तसेच होडीवरून आले. "पोर झाली! दोगी बऱ्या हायेत!"

"झाली गं आजी!" पार्वतीने माझ्या पाठीत धपाटा घातला. मी बोचके सोडून सगळ्यांना लाडू वाटले. तांडेलाने दोन घेतले. भरती कधी आली, कळलेही नाही.

महिन्याने परतताना मी आगबोटच घेतली. विमानाचे भाडे जड, आणि घाई आता कसली? दोन दिवस कठड्याशी बसून पाणी पाहिले. बंदरावर ह्यांनी नातीआधी विमानाचे विचारले.

"वरून आपली कराची कशी दिसते गं?"

"पाहिलीच नाही," मी म्हटले. "डोळे मिटून कुसुमचं नाव घेत होते."